चार पोर्टचा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर: या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधल्या कित्येक जुन्या सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशीन अजून आरएस-२३२ या जुन्या सिरियल जोडणीवरूनच प्रोग्राम घेतात. नव्या पीसीला सिरियल पोर्ट नसतो, मग चार पोर्टचा कन्व्हर्टर येतो आणि पाठोपाठ 'ड्रायव्हर चालत नाही' ही ओरड.

बहुतेकदा कन्व्हर्टरच्या डब्यावरचं नाव बघून ड्रायव्हर शोधलेला असतो. सिस्टिम ओळखते ती आतली चिप. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघा. ०४०३ आणि ६०११ दिसलं तर एफटीडीआय कंपनीची एफटी४२३२एच चिप. लिनक्सच्या कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर आधीपासूनच असतो. ०६७बी आणि २३०३ म्हणजे प्रोलिफिक कंपनी. तिच्या जुन्या चिपना नवा विंडोज ड्रायव्हर सरळ नकार देतो. जुना ड्रायव्हर बसवून भागतं, पण अपडेट आला की पुन्हा तेच. त्यापेक्षा डबा बदला.

खरा घोळ पोर्टच्या नंबरांचा. चिपमध्ये सिरियल नंबर नसेल आणि केबल दुसऱ्या यूएसबी सॉकेटमध्ये गेली, तर विंडोज नवे कॉम नंबर देतं; जुने अडकूनच राहतात. आकडा कॉम ९ च्या पुढे गेला की काही जुनी डीएनसी (पीसीवरून मशीनला प्रोग्राम पाठवणारी) सॉफ्टवेअर पोर्ट उघडतच नाहीत. 'शो हिडन डिव्हाइसेस' करून फिकट दिसणाऱ्या जुन्या नोंदी काढा, मग पोर्ट सेटिंग्जच्या ॲडव्हान्स्डमधून नंबर ठरवून द्या. डब्याच्या प्रत्येक पोर्टवर मशीनचं नाव चिकटवा आणि सॉकेट बदलू नका. लेथचा प्रोग्राम व्हीएमसीकडे (उभ्या मिलिंग मशीनकडे) गेलेला कुणालाच परवडत नाही.

लिनक्सवर टीटीवाय-यूएसबी या पोर्टच्या नावांचे आकडे डिव्हाइस सापडतील त्या क्रमाने पडतात, त्यामुळे दोन डबे असले की रीस्टार्टनंतर अदलाबदल होऊ शकते. तिथे 'बाय-पाथ' फोल्डरमधली, सॉकेटच्या जागेवरून पडणारी नावं वापरा. 'बाय-आयडी' नको: स्वस्त डब्यात बरेचदा हबमागे चार सारख्याच चिप असतात, आणि सिरियल नंबर नसला तर चौघींचं नाव एकच होतं. परवानगी नाकारली तर युजरला डायलआउट ग्रुपमध्ये घाला.

पोर्ट दिसतो, पण प्रोग्राम जात नाही? ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसू नका. मशीनकडे जाणारी केबल काढा, कन्व्हर्टरच्या ९ पिनी कनेक्टरचे २ आणि ३ नंबरचे पिन जोडा, पुट्टी या टर्मिनल प्रोग्राममध्ये पोर्ट उघडून, फ्लो कंट्रोल बंद करून काहीतरी टाइप करा. अक्षरं परत आली तर ड्रायव्हर आणि पोर्ट ठीक आहेत. मग बॉड रेट (वेग), पॅरिटी (चूक तपासणारा बिट) आणि हँडशेक (फ्लो कंट्रोल) मशीनच्या कंट्रोलरमधल्या पॅरामीटरशी जुळवा. बऱ्याच जुन्या मशीन ७ डेटा बिट आणि इव्हन पॅरिटीवर असतात, तर पीसी ८ बिट, नो पॅरिटीवर.