ड्वार्फ सिक्लिड आणि आपलं बोअरचं पाणी: या चुका टाळा

संभाजीनगर असो, जालना असो की नांदेड, नवीन हौशी माणसाने रॅम या छोट्या ड्वार्फ सिक्लिड माशाची जोडी घरी आणली की पुढचा प्रकार ठरलेला असतो. काल घेतलेल्या टँकमध्ये आज बोअरचं पाणी भरलं जातं आणि संध्याकाळी मासे सोडले जातात. आठवड्याभरात नर पंख मिटून कोपऱ्यात उभा राहतो, खाणं तोंडात घेऊन थुंकतो. मग दुकानदाराच्या नावाने ओरड सुरू होते. काही वेळा दुकानातला मासाच खराब असतो, रंग खुलावा म्हणून हार्मोन दिलेले रॅम बाजारात येतात हे खरं आहे. पण बहुतेक वेळा मासा मरतो तो पाण्यामुळे आणि घाईमुळे.

रॅम हा व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्यातला, ॲपिस्टोग्रामा (थोडक्यात ॲपिस्टो) या दुसऱ्या ड्वार्फ सिक्लिडच्या बहुतेक जाती ॲमेझॉन खोऱ्यातल्या. तिथलं पाणी मऊ, किंचित आम्लधर्मी, क्षार जवळजवळ नाहीतच. आपल्याकडे खाली काळा पाषाण, त्यातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. बोअरच्या पाण्यात टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, मोजणारा मीटर बुडवला तर 800-1000 चा आकडा सहज दिसतो, आणि पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, 8 च्या आसपास.

पीएच डाऊनची बाटली

पीएच उतरवायला विकल्या जाणाऱ्या ॲसिडच्या या बाटलीने सगळ्यात जास्त मासे मरतात. क्रम नेहमी असाच असतो. टेस्ट किटमध्ये पीएच 8.2 दिसतो. कुणीतरी सांगतं, "थेंब टाका, उतरेल." संध्याकाळी थेंब टाकले की अर्ध्या तासात पीएच 7 वर येतो. सकाळी पुन्हा 8. पुन्हा थेंब. चार-पाच दिवस हेच चालतं आणि एक दिवस पीएच 6 च्याही खाली कोसळतो. त्या रात्री मासे पृष्ठभागावर धापा टाकतात, सकाळी दोन्ही आडवे.

असं का होतं ते समजून घ्या. जड पाण्यात बायकार्बोनेट असतं, त्यालाच केएच म्हणतात. ॲसिड टाकलं की ते बायकार्बोनेटशी मिळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तेवढ्यापुरता पीएच उतरतो, पण रात्रभर एअर पंप चालला की हा वायू उडून जातो आणि पीएच परत चढतो. प्रत्येक वेळी केएच थोडा संपतो. तो पूर्ण संपला की पाण्याला आधार उरत नाही आणि शेवटचे चार थेंब घात करतात. शिवाय टीडीएस एका आकड्यानेही उतरत नाही, उलट वाढतो. रॅमला त्रास क्षारांचा आहे, पीएचच्या आकड्याचा फार कमी.

उपाय एकच: पाणी पातळ करा. गल्लोगल्ली मिळणारा 20 लिटरचा आरओचा जार चालतो, मात्र प्रत्येक जारचा टीडीएस स्वतः मोजा. काही प्लांटवाले चवीसाठी कच्चं पाणी मिसळतात. जारचा टीडीएस 30 आणि बोअरचा 900 असेल, तर तीन भाग जार आणि एक भाग बोअर मिळून साधारण 250 येतो. फार्ममध्ये वाढलेल्या रॅमसाठी ही वरची मर्यादा धरा, पिल्लं हवी असतील तर 100 च्या आसपास जा. निव्वळ आरओ मात्र वापरू नका. त्यात केएच शून्य, म्हणजे पीएच पुन्हा अधांतरी. केएच 2-3 राहू द्या. वाळलेली देशी बदामाची पानं, 50 लिटरला दोन, पाण्याला हलका तपकिरी रंग देतात. मऊ पाण्यात ती पीएचही थोडा उतरवतात, जड पाण्यात त्यांच्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

घरी बसवलेल्या सॉफ्टनरचं पाणी आरओ समजू नका. तो कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो, टीडीएस तसाच राहतो. आणि जारचा खर्च-खटाटोप झेपणार नसेल तर रॅमचा हट्ट सोडा, क्रिबेन्सिस घ्या. नायजेरियातला हा मासा जरा जड पाणीही सोसतो, आणि दिसायला काही कमी नाही.

कोऱ्या टँकमध्ये मासे

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतल्या जिवाणूंनी हे काम एका रात्रीत होतं यावर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे घाईची शिक्षा जास्तच कडक आहे: 28 अंशांना पीएच 7 असताना एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी रूपात नसतो, 8.2 ला साधारण दहा टक्के असतो.

रसायनाच्या दुकानातून शुद्ध नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड आणा. 3 ग्रॅम 100 मिली पाण्यात विरघळवा. त्यातले 10 मिली 50 लिटरच्या टँकला दिले की अमोनिया 2 पीपीएमच्या आसपास जातो. फिल्टर चालू ठेवा, अमोनिया संपला की पुन्हा तेवढाच द्या. हा काळ बोअरच्या पाण्यातच काढा, जिवाणूंना केएच लागतो. दिलेला डोस 24 तासांत संपून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की दोन-तीन टप्प्यांत पाणी बदलून मऊ पाणी भरा. मग मासे.

आता किरकोळ पण रोजच्या चुका. टँक उंच घेऊ नका, हे मासे तळाशी राहतात. 24 बाय 12 बाय 12 इंच पुरतो, त्यात रॅमची एक जोडी किंवा ॲपिस्टोचा एक नर आणि दोन माद्या, एवढंच. वाळूत किंवा दगडात चुनखडी आहे का, ते टॉयलेट ॲसिडचा थेंब टाकून पाहा. फेस आला तर टँकमध्ये नको. ॲपिस्टोला गुहेसाठी संक्रांतीचं न रंगवलेलं सुगड आडवं ठेवा, नाहीतर नारळाची करवंटी. साठवलेल्या पाण्यात तुरटी फिरवली असेल तर ते टँकला वापरू नका, तुरटी केएच खाते. नळाचं पाणी असेल तर त्यातला क्लोरीन घालवा: 10 ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट) 100 मिली पाण्यात, दर लिटरला दोन थेंब. स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळा. खाणं म्हणून नाल्यातले ट्युबिफेक्स किडे अजिबात नकोत.

मे महिना आणि लाइट

बाहेर 42 अंश असताना घरातला टँक 33 वर जातो. रॅम 30 पर्यंत खुशीत असतो, काकाटुओइडेस या ॲपिस्टोच्या जातीला 27 च्या पुढे त्रास सुरू होतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. पाणी मात्र भराभर उडतं. इथे जुनेजाणतेही चुकतात: उडालेल्या पाण्याची भरपाई बोअरच्या पाण्याने करतात. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात, वरून नवे क्षार येतात. महिन्याभरात 250 चा टीडीएस 400 च्या पुढे. भरपाई नेहमी निव्वळ आरओने करा. फिल्टर स्पंजचाच ठेवा आणि त्याला चार्जिंगचा एअर पंप जोडा. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये चार-पाच तास लाइट नसली की जिवाणू गुदमरतात. थंडीत परभणीकडे पारा 10 च्या खाली येतो, तिथे 50 लिटरला 50 वॉटचा हीटर अपुरा पडतो, 100 वॉटचा घ्या.

एक दिवस ॲपिस्टोची मादी अचानक लिंबासारखी पिवळी होईल, अंगावर काळे ठिपके उमटतील आणि ती नराला झोडपायला लागेल. घाबरून तिला औषध देऊ नका, बाहेरही काढू नका. सुगडात अंडी आहेत. नराचे पंख फाटत असतील तर त्यालाच दुसऱ्या टँकमध्ये हलवा, पाचव्या-सहाव्या दिवसापासून पिल्लांच्या खाण्यासाठी ताज्या उबवलेल्या आर्टेमियाची (बारीक खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवांची) तयारी ठेवा, आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत सुगडाला हात लावू नका.