लहान मुलांसह स्वस्तात मुंबई

मुंबईला मुक्काम कशाला? नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत या, हॉटेलचा खर्चच वाचतो. ५ वर्षांखालच्या मुलाला वेगळी सीट घेतली नाही, तर तिकीट लागत नाही. खिडकीची जागा मात्र आधीच आरक्षित करा. कसारा घाटातले बोगदे मोजण्यात मुलं इतकी रमतात की मोबाइल आठवतही नाही. दादरला उतरून लोकलने भायखळा गाठा. राणीची बाग स्टेशनपासून चालत जाण्याजोगी आहे, पेंग्विन आधी दाखवा. बुधवारी बाग बंद असते, हे विसरू नका! दशम्या-चटणी, पाणी आणि कपड्यांचा एक जोड घरूनच न्या. दिवसाला एकच ठिकाण. गेटवेचा हट्ट पुढच्या खेपेला.