पुढचा एक दाता वाढवला, तर ऐंशीच्या वेगाला इंजिन किती फिरेल?

गोव्यातला पत्रादेवी ते पोळे हा राष्ट्रीय महामार्ग 66 बऱ्याच ठिकाणी रुंद झाल्यापासून 150 सीसीच्या गाड्याही तासन्‌तास ऐंशीने धावू लागल्या. मग हँडलला झिणझिण्या येतात, अ‍ॅव्हरेज पडतं आणि कुणीतरी सुचवतं, 'पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) एका दात्याने मोठं टाक.' उपाय खरा आहे, पण पाना हातात घेण्याआधी हिशेब करा.

क्लच घसरत नसेल, तर एका गिअरमध्ये वेग आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) यांचं प्रमाण ठरलेलं असतं. टॉप गिअरमध्ये साठला 4500 आरपीएम असतील, तर ऐंशीला 6000 असणारच. त्याहून जास्त दिसले, तर आधी क्लच प्लेट तपासा. तिथे स्प्रॉकेटचा काही दोष नसतो.

हिशेब असा. मागचा टायर 100/90-18 असेल, तर 18 इंचांचे 457 मिमी आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींचे 180 मिमी मिळून व्यास 637 मिमी, म्हणजे घेर सुमारे 2 मीटर. (माणूस बसल्यावर टायर थोडा दबतो आणि चालता घेर जरा कमी भरतो.) ताशी 80 किमी म्हणजे मिनिटाला 1333 मीटर, म्हणजे चाकाचे साधारण 667 फेरे. त्यांना प्रायमरी (इंजिन ते क्लच), टॉप गिअर आणि चेन या तिन्ही रेशोंनी गुणायचं. पहिले दोन आकडे गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतात, चेनचा रेशो म्हणजे मागचे दाते भागिले पुढचे दाते. उदाहरणादाखल प्रायमरी 3, टॉप 1 आणि स्प्रॉकेट पुढे 14, मागे 42 दात्यांचं धरलं, तर एकूण 9, म्हणजे 6000 आरपीएम.

पुढे 15 दाते टाकले, की चेनचा रेशो 2.8 होतो आणि ऐंशीला 5600 आरपीएम पडतात. 13 टाकले, तर जवळपास 6460. मागचं स्प्रॉकेट 42 वरून 40 केलं, तर 5710 च्या आसपास. पुढचा एक दाता मागच्या तीन दात्यांच्या बरोबरीचा असतो, म्हणून पुढे एकदम दोन दाते वाढवण्याच्या फंदात पडू नका.

किंमत कुठे मोजावी लागते? चढावर. वेग वाढला, की हवेचा विरोध मोडून काढायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि आरपीएम उतरवल्यावर लहान इंजिनाकडे तेवढी ताकद उरत नाही. करमल घाटात, चोर्ल्यात किंवा अनमोडला मागे माणूस बसला असेल, तर पूर्वी चौथ्यात चढणारी गाडी तिसरा मागते. पावसाळ्यात समोरून वारा असला, की सपाटीवरही तेच. अशा वेळी गिअर न उतरवता थ्रॉटल पिळत राहिलात, तर इंजिन घुसमटतं, नॉकिंग होतं, एअर-कूल्ड इंजिन तापतं आणि वाचलेलं पेट्रोल तिथेच जळतं. टॉप स्पीडही कधी कधी घटतो, कारण इंजिन आपल्या सर्वाधिक ताकदीच्या आरपीएमपर्यंत पोचतच नाही. रोज डिचोली-पणजी करणाऱ्या एकट्या माणसाला बदल मानवेल. मागे सतत गिऱ्हाईक बसवणाऱ्या पायलटाने (दुचाकी टॅक्सीवाल्याने) कंपनीचं स्प्रॉकेट सोडू नये.

बदलताना आधी मागचा ब्रेक दाबून, गाडी गिअरमध्ये ठेवून पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट ढिले करा. चेन आधी सैल केली, तर स्प्रॉकेट अडत नाही आणि बोल्ट सुटत नाही. मग मागचा अ‍ॅक्सल ढिला करा. पुढचा एक दाता चेनची सुमारे अर्ध्या पिचची (पिच म्हणजे चेनच्या दोन पिनांमधलं अंतर) लांबी खातो. 428 चेनवर (पिच 12.7 मिमी) त्यासाठी चाक साधारण 3 मिमी पुढे घ्यावं लागतं, 520 वर 4 मिमी. अ‍ॅडजस्टरला तेवढी जागा नसेल, तर लांब चेन लागेल. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, ढिलाई मॅन्युअलप्रमाणे ठेवा आणि कव्हर लावण्याआधी चाक हाताने पूर्ण फिरवून चेन केसिंगला घासत नाही ना, ते पाहा. झिजलेल्या चेनवर नवं स्प्रॉकेट चढवू नका. ताणलेली चेन नवे दाते लवकर खाते.

स्पीडोमीटर विसरू नका. सेन्सर पुढच्या चाकावर असेल, तर काही बदलत नाही. गिअरबॉक्सवर असेल, तर पूर्वी बरोबर असलेला काटा आता 80 दाखवताना खरा वेग 85.7 असेल. चौपदरी महामार्गावर दुचाकीची केंद्रीय मर्यादा 80 आहे आणि फलक त्याहून कमी सांगत असेल, तर तोच पाळायचा. काटा मोबाइलच्या जीपीएसशी एकदा ताडून घ्या. किलोमीटरही कमी नोंदले जातील, म्हणून ऑइल थोडं आधी बदला.

पहिल्या 200 किमीनंतर बोल्ट आणि चेनची ढिलाई पुन्हा तपासा. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत आणि तांबड्या चिखलात चेन लवकर गंजते, तेव्हा भिजून आल्यावर ती पुसून तेल द्या. काढलेलं जुनं स्प्रॉकेट झिजलेलं नसेल, तर जपून ठेवा. घाटाची मोठी फेरी ठरली, की तेच परत लावता येतं.