घरी सोडवायचा पेपर कसा काढावा आणि कधी काढू नये

अंतर्गत गुणांचं वेळापत्रक लागलं की स्टाफरूममध्ये हा विषय निघतोच: वर्गात चाचणी घ्यायची की टेक-होम, म्हणजे घरी सोडवायचा पेपर, द्यायचा? मुलांच्या दृष्टीने कुठला बरा, याचं उत्तर प्रश्नपत्रिका पाहिल्याशिवाय देता येत नाही. वर्गातलाच पेपर तसाच्या तसा घरी पाठवला, तर तो दोन्ही प्रकारांत वाईट. 'चलनवाढीची कारणे स्पष्ट करा' हा प्रश्न घरी दिला की साठ मुलांकडून एकच उत्तर साठ हस्ताक्षरांत येतं, आणि ते तपासताना तुमचा रविवार जातो.

खाली पदवीच्या वर्गासाठी २० गुणांचा टेक-होम कसा बसवायचा ते दिलं आहे. उदाहरण अर्थशास्त्राचं घेतलं आहे, पण सांगाडा इतिहास, वाणिज्य, मराठी कुठेही चालेल.

काय घरी पाठवू नये

व्याख्या, सूत्रं, नोंदीचे नियम, व्याकरण, पायाभूत आकडेमोड हे वर्गातच विचारा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांत उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिलेले पुढे गेले. म्हणजे न बघता लिहिणं हा शिकण्याचाच एक भाग आहे, आणि पायाच्या गोष्टींसाठी वर्गातली छोटी चाचणी मुलांच्या फायद्याची आहे, त्यांना आवडो न आवडो. शिवाय ज्यांना पुढे एमपीएससी किंवा बँकेच्या परीक्षा द्यायच्या आहेत, त्यांना घड्याळ लावून लिहायची सवय कुठेतरी लागायलाच हवी.

शाळेच्या पातळीवर तर टेक-होम टाळावाच. तो आई-बाबा सोडवतात, नाहीतर कोपऱ्यावरचं स्टेशनरीचं दुकान. तयार प्रोजेक्ट कुठे मिळतो हे आठवीतल्या पोरालाही ठाऊक असतं.

घरी पाठवण्याजोगं काय? जिथे माहिती हाताशी असूनही डोकं लागतं ते. दोन स्रोतांचा मेळ घालणं, आकड्यांवरून निष्कर्ष काढणं, दिलेल्या उत्तरातली चूक पकडणं. असं काम दीड तासाच्या पेपरात होत नाही, झालं तरी घाईत होतं. हळू लिहिणाऱ्या किंवा परीक्षेच्या धसक्याने गोठणाऱ्या मुलांना इथे खरी संधी मिळते.

प्रश्न असा बांधा

समजा विषय आहे किंमत निर्देशांक, म्हणजे जुना खर्च १०० धरला तर तेवढ्याच वस्तूंचा नवा खर्च किती. सगळ्यांना तीन वस्तूंचे जुने आणि नवे भाव द्या: तांदूळ किलोला ५० वरून ५६ रुपये, तूरडाळ ११० वरून १४०, तेल लिटरला १५० वरून १६५. आधार वर्षातला (तुलनेसाठी धरलेल्या जुन्या वर्षातला) महिन्याचा वापर: तांदूळ १० किलो, डाळ ३ किलो, आणि तेल = हजेरी क्रमांकाचा शेवटचा अंक अधिक १ लिटर.

हजेरी क्रमांक २३ असलेल्या मुलाचं तेल ४ लिटर. त्याचा जुना खर्च १,४३० रुपये, नवा १,६४०, म्हणून निर्देशांक ११४.७. क्रमांक ४७ चं तेल ८ लिटर. खर्च २,०३० वरून २,३००, निर्देशांक ११३.३. वर्गात दहाच वेगळी उत्तरं असतात, ती आधी काढून कागदावर लिहून ठेवा. तपासणी सोपी होते.

या मांडणीची गंमत चुकांमध्ये आहे. वापराचा विचार न करता तिन्ही वस्तूंच्या भाववाढीची साधी सरासरी काढली, तर क्रमांक कुठलाही असो, उत्तर ११६.४ येतं. उत्तरपत्रिकेत ११६.४ दिसलं की भारांकन (वापरानुसार प्रत्येक वस्तूला वजन देणं) समजलेलं नाही, हे एका नजरेत कळतं. उत्तर एक दशांश स्थळापर्यंतच मागा, कारण तेल १ लिटर असलेल्याचं बरोबर उत्तर ११६.८ आहे. पूर्णांकात मागितलं तर बरोबर ११७ आणि चूक ११६ यांत एकाचाच फरक उरतो आणि वाद होतो.

आकडेमोडीनंतरचा भाग प्रत्येकाचा स्वतःचा असू द्या: घरच्या महिन्याच्या किराणा यादीशी हा संच ताडून पाहा, तुमच्या घराला भाववाढ यापेक्षा जास्त जाणवेल की कमी, का, मर्यादा ३०० शब्द. होस्टेलवरच्यांनी मेसचं बिल घ्यावं. यादी किंवा बिल उत्तराला जोडायचं, पण नावं आणि फोन नंबर खोडून. घरची यादी दाखवायला संकोच वाटेल अशी मुलं असतात, त्यांना शेजारच्या दुकानातून तयार केलेली यादी चालेल हे सूचनेतच लिहा.

पेपर वाटण्याआधी तो जसाच्या तसा चॅटजीपीटीला द्या. आलेल्या उत्तराला तुम्ही १२ पैकी (२० पैकी घरच्या भागाचे गुण १२) ८ किंवा जास्त गुण दिले असते, तर प्रश्न बदला. 'एआयने लिहिलंय का' हे तपासणाऱ्या साधनांवर मात्र विसंबू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयने स्वतःचं असं साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत बंद केलं. मराठी उत्तरांच्या बाबतीत तर अशा साधनाच्या टक्केवारीवरून एखाद्या मुलाला बोलावून झापणं हा सरळ अन्याय आहे.

सूचना गुळमुळीत नकोत

हार्वर्ड विद्यापीठात २०१२ साली अमेरिकेच्या संसदेवरच्या एका अभ्यासक्रमाचा शेवटचा पेपर टेक-होम होता. पुस्तक, वह्या, इंटरनेट सगळं उघडं, फक्त इतरांशी चर्चा नको, अशी सूचना होती. २७९ पैकी सुमारे १२५ विद्यार्थ्यांवर एकमेकांशी संगनमत केल्याचा संशय आला, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना काही काळासाठी विद्यापीठ सोडावं लागलं. एरवी एकत्र अभ्यास करणाऱ्या मुलांच्या हातात सगळं उघडं दिलं आणि बोलणं तेवढं बंद म्हटलं, की रेषा पुसट होते.

म्हणून पेपरच्या माथ्यावर चार ओळी ठळक लिहा. वही, पुस्तक, इंटरनेट चालेल. सूत्र समजत नसेल तर मित्राला विचारलेलं चालेल, पण कुणाला विचारलं ते शेवटी लिहायचं. एकमेकांची उत्तरपत्रिका पाहायची नाही, फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. एआय वापरलं तर कशासाठी ते एका वाक्यात नोंदवायचं, ३०० शब्दांचा भाग मात्र स्वतःच लिहायचा. 'चर्चा करू नये' एवढंच लिहिलंत तर प्रामाणिक मुलं गप्प बसतील आणि बाकीचे व्हॉट्सअॅपवर भेटतील.

वेळ किती

काम तीन तासांचं, मुदत साधारण तीन दिवसांची. शुक्रवारी दुपारी द्या, सोमवारी पहिल्या तासाला घ्या. चोवीस तासांची मुदत दिली की संध्याकाळी दुकानात काम करणारा मुलगा आणि घरी पाहुणे आले म्हणून स्वयंपाकात अडकलेली मुलगी यांचा पेपर होतच नाही. वर्गात निदान सगळ्यांना सारखा बाक आणि सारखा पंखा असतो. घरी तसं नसतं, आणि टेक-होमचे गोडवे गाणारे हे हमखास विसरतात. आठवडाभराची मुदतही नको. पाच दिवस काही होत नाही आणि शेवटच्या रात्री कॉपी होते.

शक्यतो कागदावर, हाताने लिहून घ्या. ऑनलाइनच घ्यायचं असेल तर स्कॅन आणि अपलोडसाठी वेगळा वेळ द्या. दिल्ली विद्यापीठाने २०२० च्या ओपन बुक परीक्षेत त्यासाठी वेगळा तास ठेवला होता, तरी तक्रारी आल्याच. फाइलच्या नावात फक्त हजेरी क्रमांक हवा, नाहीतर 'न्यू डॉक्युमेंट' नावाच्या चाळीस फाइली येतात.

वर्गातली पंधरा मिनिटं

हा भाग गाळलात तर बाकीची मेहनत वाया. २० पैकी १२ गुण घरच्या पेपरला, ८ वर्गातल्या छोट्या चाचणीला. सोमवारी पेपर गोळा केले की लगेच, वह्या बंद करून, तीन प्रश्न:

१. तुमच्या उत्तरात तेलाचा वापर दुप्पट केला तर निर्देशांक वाढेल की घटेल? आकडेमोड न करता कारण द्या. (३)
२. एका विद्यार्थ्याचं उत्तर ११६.४ आलं. त्याने काय चूक केली? (३)
३. आधार वर्ष म्हणजे काय? (२)

पहिल्याचं उत्तर 'घटेल'. तेल सर्वांत कमी, म्हणजे १० टक्केच वाढलं आहे, त्याचं वजन वाढलं की एकूण निर्देशांक खाली ओढला जातो. ज्याने स्वतः सोडवलं त्याला हे दोन मिनिटांत सुचतं. ज्याने उतरवलं तो 'वापर वाढला म्हणजे खर्च वाढला, म्हणून निर्देशांक वाढेल' असं ठोकून देतो.

घरी ९ च्या वर आणि वर्गात ३ पेक्षा कमी, अशी तफावत दिसली तर पाच मिनिटांची तोंडी घ्या. नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलेला असावा. साठच्या साठ जणांची तोंडी घेतली तर सलग पाच तास जातात. तफावतीचे दहा-बारा निघतात, ते एका तासात होतात. तोंडीत सुरुवातीलाच कॉपीचा आरोप करू नका. 'हे तिसरं वाक्य जरा समजावून सांग' एवढं पुरतं. ताप होता, आकडे पाहून गोंधळ झाला, अशी खरी कारणंही निघतात.

तपासताना

घरच्या १२ गुणांची वाटणी पेपरवरच छापा: आकडेमोड ४, पद्धतीचं कारण २, घरच्या यादीशी तुलना ४, निर्देशांक काय दाखवत नाही ते २. शुद्धलेखन आणि सजावटीला गुण नाहीत, नाहीतर रंगीत पेनांची स्पर्धा सुरू होते. तुलनेच्या भागात यादीतला निदान एक आकडा उत्तरात आलेला नसेल, तर चारपैकी दोनच्या वर जाऊ नका. 'आमच्या घरी महागाई फार जाणवते' हे वाक्य कुणीही लिहील. 'आमच्याकडे तेल महिन्याला दोन लिटर आणि डाळ पाच किलो, म्हणून आमचा आकडा वर जाईल' हे घरची यादी बघूनच लिहिता येतं.

एका पेपरला दहा मिनिटं धरली तर साठ मुलांचे दहा तास होतात. म्हणून सत्रात असा एकच पेपर ठेवा, बाकी चाचण्या वर्गात. पेपर आठवड्याच्या आत परत द्या आणि चुकलेल्या जागी पूर्ण शेरा लिहिण्याऐवजी 'भा' (भारांकन), 'आ' (आकडेमोड), 'पु' (पुरावा नाही) अशी खूण करा. खुणांचा अर्थ फळ्यावर एकदाच लिहायचा. ज्याच्या पेपरवर 'भा' आहे त्याने त्याच तासाला हजेरी क्रमांकात एक मिळवून नवं उत्तर काढून दाखवायचं.