मेडिकल मारिजुआनाचं कार्ड आणि घरातली बंदूक : अमेरिकेत या चुका टाळा

न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय अशा, मराठी माणसं मोठ्या संख्येने राहतात त्या राज्यांत डॉक्टरच्या शिफारशीवर औषध म्हणून गांजा (मारिजुआना) मिळतो; त्यासाठी राज्य रुग्णाला कार्ड देतं. केमोथेरपीनंतरची मळमळ, वर्षानुवर्षांचं दुखणं अशा कारणांसाठी लोक तो घेतात. त्याच घरात कुणी हौसेने शूटिंग रेंजवर जात असतो, कुणी संरक्षणासाठी पिस्तूल घेऊन ठेवलेलं असतं. सुटं सुटं पाहिलं तर दोन्ही कायदेशीर वाटतं. पण एकाच माणसाकडे दोन्ही असेल, तर तो फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कायद्याखालचा, गुन्हा ठरू शकतो आणि २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. हे माहीत नसल्यामुळे आजारी माणसं अडचणीत येतात, म्हणून हा लेख.

‘राज्यानेच तर कार्ड दिलंय’

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार अमली पदार्थ ‘बेकायदा वापरणाऱ्या’ माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. बेकायदा म्हणजे काय, ते ठरतं फेडरल कायद्यावरून. १९७० च्या कंट्रोल्ड सबस्टन्सेस ॲक्टने गांजाला सर्वांत कडक गटात, हेरॉइनच्या शेजारी नेऊन बसवलं. पुढे १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने औषधी गांजाला वाट करून दिली आणि हळूहळू बहुतेक राज्यं त्या वाटेने गेली. पण राज्याला स्वतःचा कायदा बदलता येतो, फेडरल कायदा नाही. राज्याचं कार्ड तुम्हाला राज्याच्या पोलिसांपासून वाचवतं, तेवढंच.

राज्याने बंदूक लपवून बाळगण्याचा परवाना दिला, तरी यात फरक पडत नाही. गांजाचं कार्ड आहे एवढ्यावरून असा परवाना नाकारता येणार नाही, असं ओरेगॉनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं. तरीही फेडरल बंदी जागच्या जागी राहिली.

फॉर्म ४४७३ वर ‘नाही’ लिहिणं

माझ्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक. परवानाधारक दुकानातून बंदूक घेताना फॉर्म ४४७३ भरावा लागतो. तुम्ही गांजा किंवा इतर अमली पदार्थ बेकायदा वापरता का, असा प्रश्न त्यात आहे. राज्यात औषधी किंवा हौशी वापर कायदेशीर असला तरी फेडरल कायद्याने गांजा बेकायदाच आहे, असा ठळक इशाराही २०१६ च्या आवृत्तीपासून त्या प्रश्नालाच जोडलेला आहे. त्यामुळे ‘मला वाटलं, माझ्यासाठी तो कायदेशीर आहे’ असं नंतर सांगून फारसा उपयोग होत नाही.

खोटं उत्तर हा वेगळा गुन्हा आहे. बंदूक नंतर विकली, गांजा सोडला, तरी तो फॉर्म कागदोपत्री उरतो. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांचे पुत्र हंटर बायडेन यांना जून २०२४ मध्ये डेलावेअरमध्ये दोषी ठरवलं गेलं ते याच फॉर्मवरच्या उत्तरामुळे आणि व्यसनकाळात बंदूक बाळगल्यामुळे. त्यांचं प्रकरण क्रॅक कोकेनचं होतं, पण कलमं हीच. त्यांना वडिलांकडून माफी मिळाली. तुम्हाआम्हाला कोण देणार?

‘बॅकग्राउंड चेक (बंदूक विकण्याआधी होणारी खरेदीदाराची तपासणी) पास झाला, म्हणजे सगळं ठीक’ हाही असाच भ्रम. औषधी गांजाच्या रुग्णांच्या याद्या सहसा त्या तपासणीला जोडलेल्या नसतात. तपासणीत काही सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘कार्ड आहे, पण मी वापरत नाही’

नेवाडातल्या एका महिलेने हेच सांगितलं होतं. तिच्याकडे कार्ड असल्याचं दुकानदाराला माहीत होतं, म्हणून त्याने बंदूक विकायला नकार दिला. ती कोर्टात गेली, पण २०१६ मध्ये नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या) फेडरल अपील न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. वापरत नसाल, तर कार्ड रीतसर परत करून त्याची पोच जपून ठेवा.

बंदूक नवऱ्याच्या नावावर, गांजाचं कार्ड बायकोचं

घरोघरी काढला जाणारा मार्ग म्हणजे बंदूक जोडीदाराच्या नावावर घेणं. इथे कायदा फक्त पावतीवरचं नाव पाहत नाही. ती तुमच्या हाताशी आहे का, तिच्यावर तुमचा ताबा चालतो का, हेही पाहतो. तिजोरीचा आकडा तुम्हाला ठाऊक असेल किंवा किल्ली तुमच्याकडे असेल, तर बंदूक ‘तुमच्या ताब्यात’ मानली जाऊ शकते. जोडीदाराची बंदूक घरात राहणारच असेल, तर आकडा आणि किल्ली रुग्णापासून खरोखर दूर हवी, नुसती सांगण्यापुरती नाही.

बंदूक मुळात रुग्णासाठीच असेल आणि फॉर्मवर सही दुसऱ्याची, तर प्रकरण आणखी गंभीर होतं. अशा परस्पर खरेदीसाठी २०२२ च्या कायद्यात वेगळं कलम आहे. सही करणारा भाऊ किंवा मेहुणाही त्यात अडकतो.

व्हिसा विसरणं

एच-१बी सारख्या व्हिसावर असलेल्यांना शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर बंदूक बाळगताच येत नाही, गांजा असो वा नसो. ग्रीन कार्डवाल्यांना बंदूक चालते, पण त्यांच्यासाठी गांजाचा धोका नागरिकांपेक्षा मोठा आहे. राज्यात कायदेशीर असलेला वापरही नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगल्या वर्तणुकी’च्या आड येऊ शकतो, असं इमिग्रेशन खात्याने २०१९ मध्येच स्पष्ट केलं आहे. आईवडील ग्रीन कार्डवर आले असतील आणि गुडघेदुखीवर त्यांना कुणी गांजाच्या गमीज (चघळायच्या गोळ्या) सुचवल्या, तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

बातमीचा मथळा वाचून निर्णय घेणं

ऑगस्ट २०२४ मध्ये पाचव्या सर्किटच्या (टेक्सास आणि शेजारच्या राज्यांसाठीच्या) अपील न्यायालयाने एका गांजा वापरणाऱ्या महिलेच्या बाजूने निकाल दिला. घटनेच्या वेळी ती नशेत असल्याचा पुरावा नव्हता. निकाल तिच्यापुरता होता, कायदा रद्द झाला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासमधलं असंच एक प्रकरण सुनावणीला घेतलं. डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी गांजा खालच्या, म्हणजे कमी कडक, गटात आणण्याचं काम वेगाने करण्याचा आदेश काढला. पण खालच्या गटातली औषधंही वैध प्रिस्क्रिप्शनशिवाय घेतली तर वापर बेकायदाच ठरतो, आणि राज्याचं कार्ड म्हणजे प्रिस्क्रिप्शन नव्हे.

मला हा कायदा अन्यायाचा वाटतो. ओपिऑइडच्या (अफूच्या जातीच्या वेदनाशामक) गोळ्या प्रिस्क्रिप्शनवर घेणारा बंदूक ठेवू शकतो आणि दुखण्यासाठी गांजा घेणारा नाही, हे पटणारं नाही. पण कायदा बदलायची लढाई आपल्या घरातल्या आजारी माणसाच्या जिवावर लढू नका.

दोन्ही गोष्टी आज घरात असतील, तर आधी बंदुकांचा कायदा जाणणारा वकील गाठा. त्याच्याशी बोलण्याआधी सरकारी यंत्रणेला फोन करू नका आणि फेसबुकवर विचारू नका. औषध थांबवणं शक्य नसेल, तर बंदूक परवानाधारक डीलरमार्फत विका किंवा रीतसर दुसऱ्याच्या नावावर करा. काडतुसंही सोबत जाऊ द्या, कारण बंदी त्यांनाही लागू आहे.