शाळेचं वाचनालय सजवताय? कोकणात या चुका टाळा

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन जवळ आला की अनेक शाळांत वाचनालयाची रंगरंगोटी सुरू होते. कोकणात नेमकी हीच वेळ चुकीची आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असल्याने तो पावसाळाभर पाणी पितो आणि पाऊस ओसरला तरी भिंत आतून ओलीच राहते. तिच्यावर ऑइल पेंट चढवला की ओल कोंडते आणि थोड्याच दिवसांत पोपडे सुटतात. मुलांनी जीव लावून काढलेलं चित्र असं गळून पडताना बघवत नाही.

रंगकाम जानेवारी ते एप्रिलमध्ये काढा. त्याआधी फुटकी कौलं बदला आणि पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी साचत नाही ना, ते बघा. ओल बाहेर जाऊ देणारी चुन्याची सफेदी जांभ्याला मानवते. पोपडे आधीच आले असतील तर वरून पुट्टी भरू नका. सगळं खरवडा, एक उन्हाळा भिंत उघडी ठेवा, मगच रंगाचा विचार करा.

सगळ्यात महागात पडते ती कपाटांची चूक. कपाट भिंतीला चिकटवलेलं, पुस्तकं ठासून भरलेली, वर कुलूप, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात. आत वारा खेळत नाही आणि जुलैत दार उघडलं की कुबट वास येतो. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला पहिलाच नियम सांगतो की ग्रंथ वापरासाठी असतात. आपल्या हवेत तर पुस्तक टिकवायचा उपायही तोच. जे पुस्तक रोज हाताळलं जातं, त्याची पानं उघडतात, त्यांना वारा लागतो. म्हणून उघडी मांडणी करा. ती भिंतीपासून चार इंच पुढे आणि खालचा कप्पा जमिनीपासून निदान सहा इंच वर ठेवा. प्राथमिकच्या मुलांसाठी चार फुटांहून उंच मांडणी नको. फळीला दर तीन फुटांवर आधार द्या, नाहीतर ती मधोमध वाकते.

साहित्य निवडतानाही फसायला होतं. पार्टिकल बोर्ड सुबक दिसतो, पण दमट हवेत फुगतो. आंब्याच्या फळ्या स्वस्त पडतात, पण त्यांना कीड लवकर लागते. गावात फणसाचं किंवा ऐनाचं जुनं लाकूड मिळालं तर सोडू नका. प्लाय घ्यायचाच तर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) छापाचा मरीन प्लाय घ्या. किनाऱ्याजवळच्या शाळेत खाऱ्या वाऱ्याने लोखंडी कपाट गंजतं आणि गंजाचे डाग पुस्तकांवर उतरतात. रंग जिथे खरवडला असेल तिथे आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांतच गंजरोधक रंगाचा हात मारा.

पैसे कमी असतील तर पावसाच्या पाण्यासाठी मिळते ती पीव्हीसी पन्हळ मुलांच्या उंचीला भिंतीवर आडवी ठोका. तिच्यात पुस्तकं मुखपृष्ठ समोर ठेवून उभी राहतात, तिला गंज नाही की वाळवी नाही. पाऊस सुरू झाला की तिथली पुस्तकं मात्र मांडणीत हलवा, ओल्या भिंतीला टेकू देऊ नका. लहान मुलं कण्यावरची नावं वाचत बसत नाहीत, चित्र बघून हात घालतात.

काचेच्या कौलाखाली पुस्तकं ठेवू नका, उन्हाने रंग उडतो. तिथे वाचायला बसायची जागा करा. जाड गालिचा नको, उचलून वाळवता येतील अशा चटया पुरतात. कपाटात डांबरगोळ्याही नकोत. त्यांचा वास मुलांना बाधतो आणि बुरशी तशीच राहते.

बुरशी लागलीच तर ते पुस्तक लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा. ओल्या फडक्याने पुसू नका, डाग पसरतो. सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळवा, मग नाकाला रुमाल बांधून अंगणात मऊ ब्रशने झटका. हे काम मोठ्यांनी करायचं. चकचकीत कागदाचं पुस्तक भिजलं असेल तर ओलं असतानाच पानं अलगद सुटी करून मध्ये कोरे कागद घाला, वाळल्यावर ती सुटत नाहीत. भिंतीवर वाळवीची मातीची रेघ दिसली तर नुसती झाडून काढू नका. ती जमिनीतून कुठून वर येते ते शोधा, मांडणी तिथून हलवा आणि वाळवीचा इलाज मे महिन्याच्या सुट्टीत, मुलं शाळेत नसताना करून घ्या.