गाईडमधला साडेपाच तासांचा घोळ

सिडकोतल्या आमच्या मावशींच्या सेट-टॉप बॉक्सवर चित्र स्वच्छ, पण गाईडच्या (पडद्यावर दिसणाऱ्या कार्यक्रमांच्या वेळापत्रकाच्या) वेळा भलत्याच. संध्याकाळी सातच्या बातम्या गाईडमध्ये दुपारी दीडला! दुरुस्तीवाल्याने सरळ बॉक्स बदलायला सांगितलं. मला ते पटेना. फरक बरोब्बर साडेपाच तासांचा होता, म्हणजे दुखणं घड्याळाचं.

डीव्हीबी (डिजिटल टीव्हीची एक प्रमाण पद्धत) प्रक्षेपणात चित्र-आवाजासोबत १८८ बाइटच्या पॅकेट्समधून माहितीचे तक्तेही सतत येत असतात. चॅनेलची नावं एसडीटी नावाच्या तक्त्यात (पीआयडी, म्हणजे पॅकेटचा ओळख क्रमांक, १७), कार्यक्रम आणि त्यांच्या वेळा ईआयटीत (पीआयडी १८). ईआयटीतली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. भारतीय वेळेसाठी तिच्यात साडेपाच तास मिळवणं हे बॉक्सचं काम. स्थानिक फरक सांगणारा टीओटी तक्ता (पीआयडी २०) असतो, पण टाइम झोन मॅन्युअलवर असेल तर बॉक्स त्याच्याकडे बघत नाही. इथे फॅक्टरी रीसेटनंतर नेमकं तेच झालेलं: मॅन्युअल, जीएमटी ०:००, म्हणजे फरक शून्य.

सेटिंगमध्ये +५:३० केलं, बॉक्स बंद करून चालू केला. तक्ते पुन्हा पुन्हा येत राहतात, त्यामुळे जरा थांबलं की गाईड आपोआप भरतं. मावशींच्या मालिकेचं रेकॉर्डिंगही आता वेळेवर सुरू होतं, याचा मला फार आनंद आहे. चॅनेलच गायब असतील तर मात्र हा उपाय चालणार नाही, नव्याने स्कॅन करा.